झाकू रंगवण्याआधी: जोडणी, सांध्यांची रेघ आणि प्राइमर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गन्डाम या जपानी टीव्ही मालिकेतल्या झाकू नावाच्या यंत्रमानवाचं बान्दाई कंपनीचं प्लास्टिकचं किट, एचजी (हाय ग्रेड) मालिकेतलं, 1/144 मापाचं, हातात आहे. आजवर काही किट नुसते जोडून कपाटात ठेवले, हा मात्र स्प्रेच्या डब्याने रंगवायचा आहे. भाग रनरवर, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, असतानाच रंगवावेत की पूर्ण जोडून झाल्यावर? हाताच्या आणि पोटरीच्या मधोमध उभी रेघ दिसते तिचं काय करायचं? कापलेल्या जागी पांढरे डाग पडतात ते रंगाखाली झाकले जातील का? आणि तुम्ही ठाण्यात राहता, बाहेर जुलैचा पाऊस आहे, तर प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आत्ता मारावा की थांबावं?

रनरवर रंगवू नका आणि सगळा झाकू उभा करूनही रंगवू नका. रनरवर रंगवलेला भाग कापला की गेटच्या, म्हणजे भाग रनरला जिथे जोडलेला असतो त्या, जागी उघडं प्लास्टिक दिसतं, आणि तिथे परत रंग लावला तरी ठिगळ कळतंच. शिवाय ती उभी रेघ दोन अर्धुकं चिकटवल्यावरच घालवता येते. रंग आधीच झाला असेल तर चिकटवायचं कशावर आणि घासायचं काय? उलट पूर्ण जोडून फवारलं तर काखेत, गुडघ्याच्या मागे, कमरेच्या पट्ट्यांखाली रंग पोचत नाही, आणि जिथे पोचतो तिथे सांधे एकमेकांना धरून बसतात. पहिल्यांदा कोपर वाकवलं की रंगाची साल निघते.

म्हणून काम असं चालतं: आधी कोरडं जोडायचं, रचना समजून घ्यायची, परत सोडवायचं, मग काही भाग कायमचे चिकटवून आणि काही मुद्दाम सुटे ठेवून गटागटाने रंगवायचं. प्रत्येक भाग हातात घेताना एकच प्रश्न विचारायचा: हा रंगानंतर आपल्या जागी आत जाईल का? गोंदाची बाटली उघडायच्या आधी याचं उत्तर तयार हवं. घासणं, पुट्टी, प्राइमर यांतलं काही बिघडलं तर दुरुस्त करता येतं. चुकीच्या क्रमाने चिकटवलेला सांधा मात्र फोडावा लागतो.

जुलै 1980 मध्ये बान्दाईने पहिला 1/144 गन्डाम 300 येनला बाजारात आणला तेव्हा तो पांढऱ्या प्लास्टिकचा होता, गोंदाने चिकटवायचा होता आणि रंगवल्याशिवाय टीव्हीवरच्या यंत्रासारखा दिसतच नव्हता. आज शिझुओकाच्या कारखान्यातून निघणारे किट रंगीत प्लास्टिकचे आणि दाबून बसणारे असतात. नुसतं जोडणाऱ्याची त्यात मोठी सोय झाली. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र एक अडचण आली: खुंट्या भोकांत इतक्या घट्ट बसतात की एकदा दाबलेला भाग उघडताना कडा दुखावतात, कधी खुंटीच तुटून आत राहते. म्हणून कोरड्या जोडणीआधी खुंट्या थोड्या कापून घ्या. भोकात जाणारी खुंटी निपरने (प्लास्टिक कापायच्या पकडीने) साधारण अर्ध्या उंचीवर, किंचित तिरपी छाटायची. भाग जागेवर धरून राहतो, पण नखाने किंवा पातळ पट्टीने सहज उघडतो. जे भाग शेवटी गोंदाने चिकटणार आहेत त्यांच्या खुंट्या तर बिनधास्त छाटा. जे भाग शेवटपर्यंत नुसत्या दाबावर राहणार आहेत, उदाहरणार्थ खांद्यावरची ढाल, तिथे हात राखून. तिथली पकड गेली तर नंतर ढाल सारखी गळून पडेल.

कापायला लागण्याआधी रनर नीट बघा. रनरच्या एका पट्टीवर बारीक रोमन अक्षरांत प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो आणि सूचना-पुस्तिकेतही तो दिलेला असतो. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन: बहुतेक बाहेरचं कवच याचंच असतं, ते गोंदाला विरघळतं, घासायला सोपं असतं आणि रंग छान धरतं. पीई म्हणजे पॉलिएथिलीन: सांध्यांच्या आत बसणाऱ्या त्या करड्या मऊ टोप्या, म्हणजे पॉलीकॅप. त्यांच्यावर ना गोंद चिकटतो ना रंग टिकतो, म्हणून त्या सरळ बाजूला डबीत ठेवायच्या. एबीएस काही किटांच्या आतल्या सांगाड्यात आणि सांध्यांत असतं. ते कणखर असतं, पण ताणाखाली असताना त्यावर पातळ सॉल्व्हंट ओतलं तर तडकतं. पुढे कधी रेघांत भरायचा पातळ इनॅमल वॉश वापरलात आणि जोडलेल्या एबीएसच्या सांध्यात तो झिरपला, तर सकाळी उठून बघता तो पाय दोन तुकड्यांत मिळतो. एबीएसचे भाग सुटे असतानाच, वर प्राइमर आणि रंगाचा थर चढवून, मगच वॉशच्या जवळ न्यायचे.

आता पांढऱ्या डागांचा प्रश्न. नुसतं जोडून ठेवणाऱ्यांना हे डाग फार छळतात, कारण हिरव्या प्लास्टिकवर ते लांबूनही दिसतात. रंगवणार असाल तर डागाची काळजी सोडा. प्राइमरच्या एका थराखाली तो पूर्ण जातो. आकार मात्र प्राइमर बदलत नाही. गेट खोल कापल्यामुळे खड्डा पडला असेल किंवा अर्धा मिलिमीटर टेंगूळ राहिलं असेल, तर ते रंगाखाली आणखी उठून दिसेल, कारण रंगाने सगळा पृष्ठभाग एकसारखा झाला की उजेड फक्त उंचसखलपणा दाखवतो. तेव्हा डोळ्यावर विसंबू नका, नख फिरवून बघा.

कापणं दोन टप्प्यांत करा. आधी रनरच्या बाजूने, भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब. मग सुट्या भागावर उरलेला तुकडा कापताना निपरची सपाट बाजू भागाकडे, पण अगदी चिकटवून नाही. थोडा उंचवटा राहू द्या, तो कटरने पातळ पातळ काप काढून आणि मग घासायच्या पेपरने (सँडपेपरने) घासून उतरवा. गेट जवळून चिमटून कापला की प्लास्टिक मुळापासून फाटतं आणि खड्डा तिथेच होतो. जपानच्या निइगाता प्रांतातल्या त्सुबामे गावचे गॉडहँडचे एकपाती निपर फार नाव कमावून आहेत आणि ते कापतातही लोण्यासारखं. पण त्यांचं पातं नाजूक असतं, जाड रनर किंवा कडक पारदर्शक प्लास्टिक त्यांना चालत नाही. रंगवायच्या कामाला एक धारदार साधा निपर पुरेसा आहे. तो पैसा चांगल्या पेपरवर आणि श्वसनाच्या मास्कवर घाला.

आता मुख्य गोष्ट, ती उभी रेघ. कोपराखालचा हात आणि पोटरी यांची दोन अर्धुकं असतात, आणि जिथे ती मिळतात तिथे रेघ राहते. सगळ्याच रेघा घालवायच्या नसतात. काही ठिकाणी कंपनीने रेघ मुद्दाम यंत्राच्या पत्र्याच्या जोडासारखी कोरलेली असते, तिच्या दोन्ही कडांना उतार दिलेला असतो. ती तशीच ठेवा. जी रेघ सपाट किंवा गोल पृष्ठभागाच्या मधोमध काहीही कारण नसताना जाते, तीच घालवायची. झाकूच्या बाबतीत हात, पोटऱ्या, मशीनगन आणि बझूका या जागा आधी तपासा. शंका आली तर पाकिटावरचं चित्र बघा. चित्रात रेघ नसेल तर प्लास्टिकवरही नको.

यासाठी पॉलिस्टायरीनचा घट्ट गोंद हवा, म्हणजे ब्रश लावलेल्या बाटलीतला दाट प्रकार. हा गोंद खरं तर चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतो. दोन्ही अर्धुकांच्या मिळणाऱ्या कडांवर सढळ हाताने लावा, पंधरा-वीस सेकंद थांबा, परत एकदा लावा, आणि मग दोन्ही भाग एकमेकांत दाबा. रेघेतून विरघळलेल्या प्लास्टिकचा एक बारीक मणी सलग बाहेर आला पाहिजे. तो पुसू नका! तोच मणी वाळून रेघ भरतो. जिथे तो बाहेर आला नाही तिथे पोकळी राहिली असं समजा आणि तिथल्या तिथे आणखी थोडा गोंद सोडा. दाबून ठेवायला मास्किंग टेप किंवा कपड्याचे चिमटे चालतात, मात्र गोंद टेपखाली पसरणार नाही एवढं बघा, नाहीतर टेपचा ठसा प्लास्टिकवर उमटतो.

टामिया या जपानी कंपनीचा हिरव्या झाकणाचा अगदी पातळ गोंदही लोक वापरतात. त्यात ब्यूटिल ॲसिटेट आणि ॲसिटोन असतं, तो केशाकर्षणाने फटीत आपोआप ओढला जातो आणि पटकन उडूनही जातो. आधीच घट्ट मिळालेले भाग पक्के करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. रेघ घालवायला मात्र दाट गोंदच घ्या, कारण पातळ्याने मणी उठेल इतकं प्लास्टिक विरघळत नाही.

आणि मग थांबा. गोंद वरून तासाभरात कोरडा वाटतो, पण आतलं प्लास्टिक अजून मऊ असतं. त्यातलं सॉल्व्हंट उडत राहतं तसं ते आक्रसत जातं. दुसऱ्याच दिवशी घासून एकदम सपाट केलेली रेघ आठवड्याने पुन्हा खोलगट होऊन दिसू लागते, आणि तोवर तुम्ही रंग मारून बसलेले असता. किमान दोन दिवस, पावसाळ्यात चार-पाच, आणि घाई नसेल तर आठवडा द्या. तोवर बाकीचे गेट साफ करत बसा, काम भरपूर आहे.

ज्यांना थांबणं जमत नाही ते फेविक्विकसारखा इन्स्टंट गोंद रेघेत भरतात. ते होतं, पण तो वाळला की आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो. मग घासताना मऊ प्लास्टिक आधी झिजतं आणि रेघेच्या जागी वरंबा उरतो. वापरायचाच असेल तर त्याच दिवशी, तो पूर्ण कडक व्हायच्या आत, मागे टणक ठोकळा लावलेल्या पेपरने घासा.

इथेच तो क्रमाचा प्रश्न येतो. हाताची दोन अर्धुकं चिकटवली की कोपराचा सांधा त्यांच्यामध्ये कायमचा अडकतो. सांधा करडा आणि हात हिरवा, म्हणजे प्रत्येक वेळी एकाला टेप लावून दुसऱ्याला रंगवायचं. टेप लावता येते, पण कोपराच्या खाचेत ती नीट बसत नाही आणि रंग झिरपतो. जपानी मॉडेलकारांनी यावर काढलेला उपाय तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे: सांधा नंतर आत सरकवता येईल असा भाग आधीच कापून ठेवायचा. त्याला ते आतोहामे म्हणतात.

हाताचं उदाहरण घ्या. हाताच्या आत दोन्ही बाजूंना एकेक गोल खोबण असते आणि कोपराच्या सांध्याचा आडवा दांडा त्या दोन खोबणींत बसतो. दांडा चारही बाजूंनी वेढलेला असल्यामुळे भाग बंद झाल्यावर तो घालता येत नाही. अर्धुकं सुटी असतानाच खोबणीची ती बाजू शोधा जी हाताच्या उघड्या तोंडाकडे, म्हणजे कोपराकडे, आहे. तिथली भिंत दोन समांतर कापांनी काढून टाका, म्हणजे बंद वर्तुळाऐवजी एका बाजूला उघडी असलेली खोबण तयार होईल. तोंडाची रुंदी दांड्याच्या जाडीपेक्षा केसभर कमी ठेवा. आता हात चिकटवून, घासून, रंगवून झाल्यावर दांडा त्या तोंडातून आत दाबला की टक् करून बसतो आणि आपोआप बाहेर येत नाही. कापताना एकदम पूर्ण मापाचं तोंड करू नका. थोडं कापा, दोन अर्धुकं हातात धरून सांधा सरकवून बघा, अडलं तर आणखी थोडं. दांड्याच्या टोकांवर कंगोरे असतील तर तेही जरा गोल करा.

एक गोष्ट आधी तपासा: खोबण उघडी केल्यावर हात ओढला की तो सुटेल का? वजन जिथे लोंबतं किंवा खेचलं जातं तिथे हा उपाय जपून वापरावा. पोटरीत तो चांगला चालतो, कारण उभ्या झाकूचं वजन सांध्याला आत दाबत असतं. ज्या हातात बझूका द्यायची आहे तिथे तोंड अगदी घट्ट ठेवा, किंवा रंगाचं सगळं काम संपल्यावर गोंदाचा एक थेंब दांड्याच्या मागे, फिरणाऱ्या भागाला न लागेल असा, सोडा.

डोक्याचा विचार वेगळा करावा लागतो. झाकूचा एकच डोळा आतल्या कप्प्यात असतो आणि डोकं चिकटवलं की तो कोंडला जातो. आतला भाग खालून, मानेच्या भोकातून जाईल का हे कोरड्या जोडणीतच पाहा. जात असेल तर आतली एखादी खुंटी कापून वाट मोकळी करा. जात नसेल तर आतला भाग आधी काळा रंगवून आत ठेवा, डोकं चिकटवा, रेघ घासा आणि बाहेरून रंगवताना डोळ्याची फट आतून स्पंज कोंबून बंद करा. पहिल्या झाकूला मी या दोनांपैकी दुसरा रस्ता, म्हणजे आतला भाग आधी रंगवून ठेवण्याचा, सुचवेन. डोक्याचं कवच पातळ असतं आणि आतून फार कापलं तर घासताना ते दबतं.

रेघ वाळली की घासणं. 400 नंबरच्या पेपरपासून सुरू करा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), मग 600, मग 800. साध्या रंगासाठी 800 वर थांबलं तरी प्राइमर उरलेले ओरखडे भरतो. चांदी किंवा तोफेच्या धातूसारखा चकचकीत रंग देणार असाल त्या भागांना 1000 च्या पुढे न्या, कारण धातूच्या रंगाखाली प्रत्येक ओरखडा चमकतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर उत्तम आहे, तो ओला करून घासा. पाण्याने पेपर चोंदत नाही आणि प्लास्टिकची भुकटी हवेत उडत नाही. सुकं घासायचंच असेल तर नाकावर मास्क हवा.

पेपर कशावर गुंडाळला आहे यावर सगळं अवलंबून आहे. सपाट भागावर बोटाने घासलं तर बोट मऊ असल्यामुळे कडा गोल होतात आणि झाकूची ढाल साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. सपाट भागाला पेपर आइस्क्रीमच्या काडीवर किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर दुतर्फी टेपने चिकटवा. गोल भागाला, म्हणजे झाकूचा खांदा, डोकं, पोटरी, याच्या उलट: मागे स्पंज हवा आणि हात रेघेला आडवा, वळणाच्या बाजूने फिरायला हवा. फक्त रेघेवरच घासत बसलात तर गोल पोटरीवर एक सपाट पट्टा तयार होतो, जो प्राइमरनंतर लांबूनही कळतो.

टणक ठोकळ्याने सपाट भाग घासताना आणखी एक गोष्ट उघड होते. ढालीवर 600 चा पेपर हलकेच चारदा फिरवा आणि भाग खिडकीकडे तिरपा धरून बघा. सगळीकडे पृष्ठभाग निस्तेज झालेला असेल, पण मध्येच एखादा गोल ठिपका अजून चकचकीत राहिलेला दिसेल. तो खड्डा आहे. पेपर तिथवर पोचलाच नाही. मागच्या बाजूला बरोबर त्याच जागी खुंटी किंवा आधाराची फासळी सापडेल: तिथे प्लास्टिक जाड असतं, साच्यात थंड होताना ते जास्त आक्रसतं आणि पुढची बाजू आत ओढली जाते. खड्डा उथळ असेल तर घासत राहा, तो निघून जातो. खोल असेल तर बाटलीतलं मिस्टर सरफेसर 500 (खड्डे भरणारा दाट प्राइमर) ब्रशने थोडं उंच भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घासून पातळीत आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण स्वच्छ सपाट पत्र्यावर उजेड जसा सरळ पडतो तसा झाकूच्या ढालीवर पडलेला बघायचा असेल तर याला पर्याय नाही. मला विचाराल तर तयारीतलं सगळ्यात जास्त समाधान याच कामात आहे.

साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या जागेची एक अगदी बारीक धार भागाच्या कडेने फिरते, ती वेगळी ओळखा. ती कटरचं पातं काटकोनात धरून हलक्या हाताने खरवडली की निघते. झाकूच्या तोंडाच्या, कमरेच्या आणि पायांच्या पाइपांवर ती हमखास सापडते. पाइप कडक प्लास्टिकचे असतील तर पेपरची दोन मिलिमीटरची पट्टी कापून प्रत्येक वळ्यावरून चपला पुसतात तशी पुढे-मागे ओढा. मऊ असतील तर नाद सोडा.

डाव्या खांद्यावरचे काटे लहान मुलांच्या सुरक्षेसाठी बोथट केलेले असतात. 400 च्या पेपरने ते फिरवून फिरवून टोकदार करता येतात, आणि एवढ्याशा कामाने झाकूचा चेहरामोहरा बदलतो. घरात लहान मूल असेल तर मात्र ते आहेत तसे राहू द्या. घासताना कोरलेल्या रेघा उथळ झाल्या असतील तर प्राइमरआधीच त्या सुईच्या किंवा कोरणीच्या टोकाने पुन्हा खोल करा. दाब देऊन एकदाच ओढू नका, हलक्या हाताने अनेकदा ओढा. नाहीतर टोक घसरतं आणि ढालीवर नवी रेघ उमटते.

सांध्यांत जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं, तिथे रंगाच्या जाडीसाठी जागा करून ठेवा. प्राइमर, रंग आणि वरचं क्लिअर (पारदर्शक थर) मिळून थर फार जाड नसतो, पण दोन्ही बाजूंना मिळून तो घट्ट सांध्याला पुरून उरतो. खांद्याच्या कवचाची आतली कडा, गुडघ्याच्या दोन्ही गालांच्या आतल्या बाजू, कमरेचा फिरणारा भाग इथे 600 चा पेपर थोडा फिरवा. पॉलीकॅपमध्ये जाणाऱ्या दांड्यांवर टेप गुंडाळा, तिथे रंग नकोच.

मग धुणं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना मऊ टूथब्रश. साच्यातून सुटावं म्हणून लागलेलं तेल, बोटांचा घाम आणि घासलेली भुकटी सगळं जाऊ द्या. बारीक भाग चहाच्या गाळणीत धुवा आणि बेसिनचं भोक बंद ठेवा. पंख्याखाली रात्रभर वाळू द्या, खोबणींत पाणी अडकून राहतं. नंतर उघड्या बोटांनी हाताळू नका. बांबूच्या काडीला छोटा क्लिप लावून भाग खुंटीला धरा, काड्या थर्माकोलच्या तुकड्यात रोवा. कोणता भाग कुठला हे काडीवर चिठ्ठी लावून लिहा. डाव्या आणि उजव्या पोटऱ्या दिसायला जुळ्या असतात.

आता पाऊस. लॅकर प्राइमर (तीव्र सॉल्व्हंटवर बनवलेला) मारताना सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि पृष्ठभाग गार पडतो. हवेत ओल जास्त असेल तर ती त्या गार थरावर जमते आणि रंगावर पांढुरकं धुकं चढतं. ठाण्यात जुलैमध्ये बहुतेक दिवस हवा अशीच असते. एखादा साधा आर्द्रतामापक घेऊन ठेवा. आकडा 80 टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रेचा डबा उचलू नका. 70 च्या खाली उतरलेला दिवस मिळाला, किंवा बंद खोलीत एसी ड्राय मोडवर तासभर चालवून आकडा खाली आणता आला, की भाग आधी त्या खोलीत ठेवा. फवारणी मात्र खिडकीपाशी, हवा बाहेर खेचणारा पंखा लावून, सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क घालूनच. कापडी मास्क या वाफांना अडवत नाही. आणि आसपास गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही पेटतं नको. डब्यातला वायू आणि सॉल्व्हंट दोन्ही पेट घेतात.

प्राइमर कोणता? मिस्टर सरफेसर 1000 किंवा 1200 चा करडा डबा पहिल्यांदा घ्या. 1500 अधिक गुळगुळीत बसतो, पण तो ओरखडे कमी भरतो, म्हणून तुमचं घासणं अचूक असेल तरच तो घ्या. वालेहो कंपनीचा पाण्यावरचा प्राइमर ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांच्यासाठी चांगला आहे, पण तो प्लास्टिकला लॅकरइतका घट्ट धरत नाही आणि घासायला गेलं की साल निघते, आणि आपल्याला तर प्राइमर घासायचाच आहे. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्राइमर आणि एनसी थिनर टाळा. ते पत्र्यासाठी बनवलेले असतात, पॉलिस्टायरीन त्यांनी सुरकुततं किंवा विरघळतं. कुठलाही अनोळखी डबा आधी उरलेल्या रनरवर फवारा. तेच प्लास्टिक आहे, फुकट आहे आणि भरपूर आहे.

डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गरम पाण्यात कधीच नाही. नीट हलवा. वीसेक सेंटीमीटर अंतरावरून, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत, झटपट हात फिरवा. पहिल्या थरात प्लास्टिक अर्धवट दिसलं पाहिजे. दहा मिनिटांनी दुसरा, मग हवा तर तिसरा. काखेच्या आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजू आधी, बाहेरच्या नंतर.

एक दिवस वाळू द्या आणि मग सगळे भाग दिव्याखाली तिरपे धरून एकेक करून तपासा. करडा प्राइमर हा रंगाचा पाया आहेच, पण माझ्या लेखी त्याचं खरं काम तपासणीचं आहे. आधी हिरवं, करडं, पांढरं असं मिश्र प्लास्टिक होतं, त्यात डोळा फसत होता. आता सगळं एकाच निस्तेज रंगाचं झालं आहे आणि राहिलेली रेघ, गेटचा खड्डा, पोटरीवरचा सपाट पट्टा लपू शकत नाही. जिथे दोष दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा, कारण भाग फिरवला की जागा हरवते. बारीक रेघ असेल तर ब्रशने सरफेसर भरा, वाळल्यावर 800 ने घासा आणि फक्त तेवढ्याच जागी पुन्हा प्राइमर मारा. पोटरीच्या रेघेला बहुधा एकदा तरी परत जावं लागतं, त्याने नाउमेद होऊ नका. दोन्ही पोटऱ्या आणि दोन्ही हात पेन्सिलचं एकही वर्तुळ न काढता दिव्याखालून गेले, की हिरव्या रंगाचा डबा उघडा. तोवर आर्द्रतेचा आकडा पुन्हा बघून घ्या.